पंतांचा हात

पानशेतचं धरण फुटून पुण्यात पाणी शिरलं ते एकसष्ट साल. त्याच वर्षी दिवाळीनंतर आमच्या कोल्हापुरात गुंडोपंत हेरवाडकरांचा पन्नासावा चित्रपट पुरा झाला. हेमकूट स्टुडिओच्या संकलनाच्या खोलीत मी स्टुलावर बसले होते आणि माझ्यासमोर दोरीवर चिमट्यांनी लावलेले फिल्मचे तुकडे लटकत होते. शंभराच्या वर असतील. बाबालालचाचा दारातून आत आले, चष्मा कपाळावर चढवून बघत राहिले.

"काय वाळत घातलंयस ग? पापड?"

"हात हायत, चाचा."

"कुणाचे?"

"कुणाचे म्हणजे? पंतांचे."

चाचा हसले नाहीत. ते स्टुडिओचे संकलक, मी त्यांच्या हाताखालची. त्यांनी एक तुकडा दिव्यासमोर धरला, मग दुसरा, मग अगदी शेवटचा.

"हे सगळे तू ठेवलेस? मी तर सांगितलं होतं, महिन्याच्या महिन्याला कासाराला द्यायचे म्हणून."

आमच्याकडची टाकाऊ फिल्म बांगड्या करायला जात असे. कासार पोतं घेऊन यायचा आणि वजनावर न्यायचा. मी त्याला बाकी सगळं दिलं होतं. प्रत्येक चित्रपटातले काही हात मात्र दिले नव्हते.

या हाताचं आधी सांगायला हवं. पंत शॉट संपला की "कट" म्हणत नसत. उजवा पंजा पुढं करून कॅमेऱ्याच्या भिंगासमोर धरत. म्हणजे प्रत्येक शॉटच्या शेवटी पडद्यावर सेकंदभर त्यांचा तळवा यायचा. त्याच्या अलीकडं कापायचं, आमचं काम संपलं. त्यांच्या सातव्या चित्रपटात मालकांनी त्यांना न विचारता कापाकापी केली होती, नायिकेच्या रडण्याचे उरलेसुरले तुकडे जोडून तिला दुप्पट रडवलं होतं. तेव्हापासून पंत एक चित्रसुद्धा जास्तीचं देत नसत. "जेवढं पाहिजे तेवढं घ्या. त्यापुढं माझा हात," असं म्हणायचे. मालकांनाही ते परवडायचं, कारण फिल्म वाया जात नव्हती. चौदा-सोळा दिवसांत एक चित्रपट. पौराणिक झाला की तमाशाचा, तो झाला की सासू-सुनेचा. पहिल्याची मिरवणुकीची पालखी दुसऱ्यात नवरीची डोली व्हायची. पगारी दिग्दर्शक होते ते. मालक सांगतील ते, मालक सांगतील त्या तारखेला.

माझे वडील तिथं सुतार होते. सेटच्या माळ्यावरून पडून गेले तेव्हा मी पंधरा वर्षांची. तेराव्यानंतर पंत घरी आले, आईशी दोन शब्द बोलले आणि मला म्हणाले, "हात दाखव." मी दाखवले. "हलके आहेत. जोड लावायला बरे." दुसऱ्या दिवसापासून मी चाचांकडं. सहा वर्षं मी त्या खोलीत होते. जिथं शूटिंग चाले त्या फ्लोअरवर जायची मला फारशी मुभा नव्हती. पंत मला माहीत होते ते त्यांच्या तळव्यावरून. कधी शाईचा डाग, कधी दिव्याच्या चटक्याची पट्टी, लेकीचं लग्न झालं त्या आठवड्यात हळदीनं भरलेल्या रेघा. फिल्म काळीपांढरी, पण हळद मला ओळखू आली.

"उद्या संध्याकाळी पन्नासाव्याचा समारंभ हाय न्हवं," मी चाचांना म्हटलं. "मालक हार घालणार, मुंबईचे वितरक येणार. त्यात तीन मिनिटं हे दाखवायचं. मी आल्यापास्नं आत्तापर्यंतचे हात, एकापुढं एक. पंतांना म्हाईत न्हाई. ऑपरेटरला सांगितलंय."

"मालकांना?"

"त्यांनीच 'कायतरी गंमत करा' म्हटलंय."

चाचांनी पुन्हा शेवटचा तुकडा बघितला आणि माझ्याकडं न बघता म्हणाले, "कर. पण या वर्षीचे हात घेऊ नकोस."

"का?"

"घेऊ नकोस म्हटलं ना."

"आवो, पन्नासावाच घेतला न्हाई तर..."

"मालन. जुने लाव. या वर्षीचे पोत्यात टाक."

ते असं कधी बोलत नसत. मी मान हलवली.

त्याच दुपारी पंत आले. चित्रपट संपला की ते आमच्या खोलीत येऊन बसत. मी घाईघाईनं दोरीवर चादर टाकली.

"काय मालनबाई, काय झाकलंस?"

"काय न्हाई. धूळ बसतीया."

ते हसले. त्या वर्षी ते उजवा हात कोटाच्या खिशात ठेवून वावरत. आम्हाला वाटे, पन्नास झाले, आता ऐट आली. चहाही सोडला होता, पित्त होतं म्हणून. चाचांनी विचारलं, "मग? कागद तयार झाला?"

"उद्या समारंभ झाला की सही. साठ दिवस दिलेत, बाबालाल. साठ!" पंतांचा आवाज एकदम लहान मुलासारखा झाला. "आणि आषाढात. मी म्हटलं, मालक, मला खरं पाणी पाहिजे. कृष्णेला पूर येतो तो आषाढात, तो काय तुमच्या चौदा दिवसांत येतो होय? तर म्हणाले, पन्नास केलेत तुम्ही माझ्यासाठी, एक्कावन्नावा तुमचा."

ही कबुली मालकांनी त्यांना दहा वर्षांपूर्वी दिली होती. पन्नास माझे, मग एक तुमचा. म्हणून तर पंत वर्षाला चार-चार करत सुटले होते. एक्कावन्नाव्याची गोष्ट त्यांनी मला कितीदा तरी सांगितली होती. दोन बहिणी, नदीच्या दोन काठांवरच्या गावांत दिलेल्या. माहेर बुडालेलं. भेट व्हायची ती धुणं धुताना, एकमेकींना दिसायचं आणि पाण्यावरून ओरडून बोलायचं. पूर आला की आवाज पोचत नाही. मग त्या नुसतं लुगडं हलवून दाखवतात. एका पुरात पलीकडचं लुगडं हलत नाही.

"एवढंच?" मी पहिल्यांदा विचारलं होतं.

"एवढंच. म्हणून तर साठ दिवस लागतात."

त्या दुपारी जाताना ते दारात थांबले. "मालनबाई, या वेळी तू फ्लोअरवर यायचं. नदीवर. मला माझ्या शेजारी कुणी तरी डोळे असलेलं माणूस पाहिजे."

मला इतका आनंद झाला की त्यांना आता शेजारी माणूस का लागतंय, ते माझ्या मनातही आलं नाही.

दुसरा दिवस शुक्रवार. चाचा जुम्म्याच्या नमाजाला गेले. मी जोड लावत होते. फिल्मच्या कडेचा मसाला ब्लेडनं खरवडायचा, फिल्म चिकटवायच्या सिमेंटचा थेंब, वरून दाबायचं, वीस आकडे मोजायचे. एकशे साठावर जोड झाले. तेवढ्यात रंगराव इंगवले दारातून डोकावले. पंतांचे सहायक. सांगलीकडचे, तालमीत घोटलेलं अंग, बोलणं तिखट.

"ए कातरवाले, पंत कुठायत?"

"मला नाव हाय."

"हाय की. आनि कातर पन हाय." हसले. "आषाढात नदीवर येनार म्हनं तू. पान्यात पाय घसरला तर सांग, मी हायच धराया."

"तुमचाच हात धरायची पाळी आली तर बुडलेली बरी."

ते हसत गेले आणि मला आठवलं. शेवटच्या चित्रपटातल्या तुकड्यांत पंतांचा हात नव्हताच. मी ते आठ दिवसांपूर्वीच ओळखलं होतं. रुंद पंजा, आखूड बोटं, अंगठ्याचं नख काळं पडलेलं. रंगरावांचा. पंत मोठे झाले, आता शॉट बंद करायलाही माणूस ठेवला, असं वाटून मी मनात थोडी रुसलेही होते. आता वाटलं, हे लावू या. इतक्या वर्षांच्या हातांच्या शेवटी इंगवल्यांचं काळं नख. अख्खा हॉल हसेल, त्यांची जिरेल. आणि सगळ्यांना कळेल की खोलीत बसून मालनला काय काय दिसतं.

पोत्यातून मी त्या वर्षीचे तुकडे काढले. पंतांचे बारा, रंगरावांचे तीन. चाचा परत यायच्या आत लावून टाकले.

ट्रायल हॉल भरला होता. पुढं मालक, आप्पासाहेब शिंत्रे, त्यांच्या दोन बाजूंना मुंबईचे दोन वितरक. मागं दिवेवाले, रंगवाले, सुतार, नाचणाऱ्या मुली, सगळे. हार झाले. मालक बोलायला उठले.

"हेमकूटची चूल कुणी पेटती ठेवली? पंतांनी. पन्नास चित्रपट! आणि त्यांतला एक रखडला नाही, एक लांबला नाही. आता माझा शब्द." त्यांनी खिशातला लांब पाकिटातला कागद वर धरला. "एक्कावन्नावा पंतांचा. साठ दिवस. चहापानानंतर सही."

टाळ्या पडल्या. पंतांनी डाव्या हातानं नमस्कारासारखं काहीतरी केलं. हॉल काळोखा झाला.

पहिला हात आला. काही क्षण कुणाला कळेना. दुसरा आला, तिसरा आला आणि मागून दिवेवाला ओरडला, "आरं, ह्यो तर पंतांचा हात!" हशा फुटला. मग खेळच सुरू झाला. पट्टी दिसली की "सती सुलोचनेचा दिवा!", हळद दिसली की "ताईसाहेबांचं लगीन!" पंतसुद्धा हसत होते, मान मागं टाकून. मी भिंतीला टेकून उभी होते, माझे कान तापले होते. मालक वितरकांना सांगत होते, "बघा, ह्यो हात म्हणजे आमचं कुलूप. एक फूट वाया न्हाई."

मग हशा कमी झाला. आधी कॅमेऱ्याची माणसं गप्प झाली. मग दिवेवाले. मग नाचणाऱ्या मुली. मागून पुढं, रांगेरांगेनं. मी पडद्याकडं बघितलं.

हात हलत होता. एकेक तुकडा मी वेगळा बघितला होता, कधी मंगळवारी, कधी महिन्यानं, आणि वाटलं होतं, कॅमेरा हलला, फिल्म घसरली. आता ते एकापुढं एक होते. आधी करंगळी. मग दोन बोटं. मग अख्खा पंजा, वाऱ्यावरच्या पानासारखा, भिंगासमोर ठरेना, कडेनं आधीच आत यायचा, बाहेर जायचा, परत यायचा. चार हात रुंदीच्या पडद्यावर ते लपायला जागाच नव्हती.

हॉलमध्ये आता एकटे मालकच हसत होते. त्यांना वाटलं, हीही गंमत.

शेवटी तो रुंद पंजा आला. दगडासारखा स्थिर. काळं नख.

कुणी हसलं नाही.

पंत उठले. मागं वळून प्रोजेक्टरच्या झोतात त्यांनी हात धरला, नेहमीसारखा, म्हणजे बास. पडद्यावर त्यांच्या हाताची प्रचंड सावली पडली आणि ती थरथरत होती. ऑपरेटरनं मशीन थांबवलं. तरी झोत तेवढा राहिला होता, आणि सावली.

"दिवे लावा," मालक म्हणाले. दिवे लागले. "पंत, हे कधीपास्नं?"

"वर्ष झालं."

"आणि शेवटचा हात कुणाचा?"

अख्ख्या फ्लोअरला माहीत होतं. वर्षभर चाळीस माणसांनी ते मालकांपासून झाकलं होतं. मालक आले की रंगराव पुढं उभे राहायचे, चहावाला पंतांना कप द्यायचा नाही, मेकअपवाला त्यांच्या नावानं सह्या करायचा. मला सांगायचं कुणाच्या लक्षात आलं नव्हतं, कारण मी फ्लोअरवर नसायचे. चाचांना माहीत होतं, पण त्यांनी पंतांना शब्द दिला होता.

"माझा," रंगराव म्हणाले. "पन मालक, हात तेवढा माझा. बाकी सगळं त्यांचंच. डोस्कं त्यांचंच."

"डोकं काय दिसतंय का इंगवले? दिसतोय तो हात." मालकांनी कागद पाकिटात घातला. आवाज वाईट नव्हता, हे मला अजून आठवतं. एखाद्या पाहुण्याला आग्रह करावा तसा होता. "पंत, तुम्ही आता विश्रांती घ्या. साठ दिवस नदीवर, पावसात... हे लोक पैसा घालणार. उद्या काही झालं तर मी यांना काय दाखवू?"

"मालक," पंत म्हणाले, "मला हातानं काही करायचं नाहीये. मला फक्त तिथं उभं राहून बघायचंय."

"बघू की. चहा घ्या आधी."

पेढे वाटले गेले. पंतांनी घेतला नाही.

हॉलबाहेर पडताना चाचांनी एकदा माझ्याकडं बघितलं, तेवढंच. ते रागावले असते तर मी त्यांना विचारणार होते, मला कारण का नाही सांगितलं. पुढं कितीतरी वर्षं मी मनातल्या मनात त्यांनाच दोष देत राहिले.

सोमवारी सकाळी पंत खोलीत आले. त्यांचं टेबल आवरून झालं होतं, बगलेत एक पिशवी होती. चाचा उठून बाहेर गेले. पंत माझ्या स्टुलासमोर बसले. हात खिशात नव्हता, मांडीवर होता. आता लपवण्यासारखं काही राहिलं नव्हतं.

"जोड चांगले लावलेस," ते म्हणाले. "एवढे जोड, आणि एकही सुटला नाही."

मी रडायला लागले.

"शेवटचे तीन कुणाचे ते ओळखलं होतंस?"

"व्हय."

"बाबालालनं घेऊ नको म्हणून सांगितलं होतं?"

"व्हय."

"मग का घेतलेस?"

खरं उत्तर मला माहीत होतं. तोंडातून निघालं ते एवढंच, "गंमत म्हणून."

त्यांनी मान हलवली, जणू नटानं चुकीचा शब्द म्हटला आणि आता तोच ठेवायचा. "सातव्या चित्रपटात त्यांनी माझ्या उरलेल्या तुकड्यांतून एक बाई रडवली होती. तेव्हा ठरवलं, मागं एक तुकडा ठेवायचा नाही. कुणाच्या हाती काही लागता कामा नये. त्रेचाळीस चित्रपट सांभाळलं." ते उठले. "त्या तुकड्यांत हात मोजायचे राहिले बघ."

हातांच्या रिळाचा डबा त्यांनी माझ्याकडंच सरकवला. "हा ठेव. कासाराला देऊ नकोस."

मी वाट बघत होते की जाताना ते मला मालनबाई म्हणतील. म्हणाले नाहीत.

एक्कावन्नावा झाला. पुढल्या मार्चमध्ये, सतरा दिवसांत. नदी स्टुडिओच्या हौदात केली होती, पाणी जेमतेम कमरेएवढं. दोन बहिणींपैकी एक तमाशात नाचणारी निघाली, कारण दोन लावण्या घालायच्या होत्या. शेवटी दोघी गळ्यात गळा घालून भेटतात. दिग्दर्शक म्हणून रंगराव इंगवल्यांचं नाव होतं. त्यांनी तीन वेळा नको म्हटलं, मालकांनी तीन वेळा पगार सांगितला. घरी सहा खाणारी तोंडं होती. चित्रपट सांगलीत सोळा आठवडे चालला. शॉट संपला की रंगराव "कट" म्हणायचे.

पंत हेरवाडला गेले. कृष्णा तिथून काही कोसांवर. चौसष्टच्या पावसाळ्यात मी एकदा भेटायला गेले होते. त्यांच्या सुनेनं अर्ध्या दारातून सांगितलं, मामंजी नदीवर गेलेत, पाणी बघायला. मी दोन तास थांबले आणि एसटीनं परत आले. सहासष्टमध्ये ते गेले. वर्तमानपत्रात चार ओळी आल्या, त्यात चित्रपटांचा आकडा सत्तेचाळीस छापला होता.

रंगरावांनी आणखी नऊ चित्रपट केले, मग गावी गूळ केला. मला एकदा महाद्वारात भेटले, तेव्हा काळं नख तसंच होतं. त्यांनी मला "कातरवाले" म्हणून हाक मारली नाही. मालन म्हणाले. चाचा शेवटपर्यंत हेमकूटमध्ये होते, मग मुलाकडं मिरजेला. त्यांनी मला काम शिकवायचं कधी थांबवलं नाही. फक्त नमाजाला जाताना खोलीला कुलूप लावायला लागले. मालकांचा धंदा एकोणसत्तरमध्ये बसला. घेणेकऱ्यांनी गोदाम उघडलं तेव्हा जुन्या चित्रपटांच्या मूळ प्रती वजनावर गेल्या. पंतांचे पन्नासच्या पन्नास. त्या सालच्या पंचमीला कोल्हापुरातल्या किती बायकांच्या हातात पंतांचे चित्रपट होते, कुणाला ठाऊक. मी त्यानंतर काचेच्याच बांगड्या घातल्या.

मी लग्न केलं, दोन मुलगे झाले, नवरा गेला. डबा माझ्याबरोबर चार घरं फिरला.

तीन वर्षांपूर्वी एका चित्रपट संग्रहालयातून एक मुलगी आली, जुन्या दिग्दर्शकांची कामं शोधत. गुंडोपंत हेरवाडकर, पन्नास चित्रपट, म्हणाली, आणि एक फूटसुद्धा कुठं मिळत नाही हो आजी. मी कपाटातून डबा काढून दिला. झाकण गंजलं होतं, उघडताच व्हिनेगरसारखा वास आला. त्या दिवशी खेळ अगदी शेवटावर थांबला होता आणि रीळ कुणी उलटं गुंडाळून ठेवलंच नव्हतं, त्यामुळं शेवटचे हात सगळ्यात बाहेरच्या वेढ्यात होते. ते पत्र्याला चिकटून त्यांचा लगदा झाला होता. काळं नख गेलं. थरथरणारे गेले. आतले जुने तेवढे वाचले.

दोन महिन्यांनी ती मुलगी ते साफ करून, फोनवर घालून घेऊन आली. माझ्या शेजारी पलंगावर बसून तिनं लावलं. दीड मिनिट. हात येतो, थांबतो. हात येतो, थांबतो. शाई. पट्टी. हळद.

"यांचं आता एवढंच शिल्लक आहे," ती म्हणाली, आणि मग कौतुकानं, "पण काय स्थिर हात होता हो यांचा!"

मी "हो" म्हटलं.